कातड्यापासून चामड्यापर्यंत : आपल्या श्रमाचा आणि नकाराचा इतिहास

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा संपादक मंडळाने मला विचारले, "तुम्ही कशावर लिहिणार?" मी म्हणालो, "चामड्यावर." बैठक थोडा वेळ गप्प झाली. मग एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, "अहो, मंगल प्रसंग आहे. पंचशीलावर लिहा, मैत्री-करुणेवर लिहा. मेलेल्या ढोरांचा विषय आता कशाला काढता? आपली पोरं इंजिनिअर झाली."

त्यांचे बोलणे तळमळीचे होते, म्हणून मी वाद घातला नाही. पण त्याच आठवड्यात रविवारच्या धम्मवर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "काका, ढोरं ओढायचं म्हणजे नक्की काय करायचं?" भाषणात त्याने तो शब्द ऐकला होता. अर्थ कुणी सांगितला नव्हता. मला वाटले, हे बरोबर नाही. बाबासाहेबांनी ज्या गोष्टीतून आपल्याला बाहेर काढले ती गोष्ट काय होती हेच पोरांना माहीत नसेल, तर बाहेर पडण्याची किंमत त्यांना कशी कळणार? म्हणून हा लेख लिहीत आहे. मी काही प्रोफेसर नाही. गिरणीत काम करता करता जे वाचले, जुन्या माणसांकडून जे ऐकले, तेच मांडतो.

कातडे वेगळे, चामडे वेगळे

आपण बोलताना कातडे आणि चामडे एकच धरतो. पण दोन्हींत मोठा फरक आहे. जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे. उन्हाळ्याच्या दिवसांत काही तासांतच ते सडायला लागते. ओले ठेवले तर कुजते आणि नुसते वाळवले तर फळीसारखे कडक होते, मोडते. या कातड्यावर माणूस मेहनत करतो, तेव्हा ते पाण्याने कुजत नाही आणि वाळल्यावर लवचीक राहते. मग ते चामडे होते. या मेहनतीला आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे : कमावणे. चामडे कमावलेले असते, फुकट मिळालेले नसते.

कातड्याचे तीन थर असतात. वरचा पातळ थर केसांचा. खालचा थर मांसाचा आणि चरबीचा. हे दोन्ही काढून टाकायचे असतात. मधला जाड थर बारीक तंतूंच्या विणीचा असतो. त्यातल्या प्रथिनाला आज शास्त्रज्ञ कोलॅजन म्हणतात. झाडाच्या सालीतला तुरट रस या तंतूंमध्ये मुरला की तो त्यांना घट्ट धरतो, आणि मग त्यांना कुजवणाऱ्या जंतूंचे काही चालत नाही. हे सरळसरळ रसायनशास्त्र आहे. ज्या माणसाला शाळेच्या ओट्यावर चढू दिले नाही, तो माणूस पिढ्यानपिढ्या हे रसायनशास्त्र हाताने करत होता.

गावगाड्यातली पद्धत

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. गावात बैल, म्हैस, गाय मेली की पहिला निरोप महारवाड्यात यायचा. रात्र असो, पाऊस असो, घरात मयत असो, जावेच लागे. जनावर दोरखंडाने बांधून गावाबाहेर ओढत न्यायचे. तिथे गिधाडे आणि कुत्री जमायच्या आत ते सोलायचे. हनुवटीपासून शेपटीपर्यंत पोटाखालून एक सरळ छेद, चारी पायांच्या आतल्या बाजूने एकेक छेद. मग सुरी कमी आणि मूठ जास्त वापरायची. कातडे आणि मांस यांच्यामध्ये मूठ घालून दाबत दाबत कातडे सोडवायचे. कारण सुरीचा एक चुकार काप गेला की चामड्याला भोक पडते आणि किंमत उतरते. शिकलेल्या हाताचेच हे काम.

कातडे कुणाचे, यावर गावोगावी वेगळी रीत होती. कुठे ते महाराला मिळे, कुठे मालक परत मागून घेई आणि महाराच्या वाट्याला नुसते मांस राही. या हक्कावरून महार आणि मांग यांच्यात तंटे होत. वरच्यांनी टाकलेल्या तुकड्यासाठी खालच्यांनी भांडायचे, ही व्यवस्थेचीच रचना होती.

सोललेल्या कातड्याला मीठ चोळत, म्हणजे त्यातले पाणी सुटते आणि ते टिकते. तिथून ते ढोर समाजाच्या माणसाकडे जाई. कमावण्याचे खरे काम त्याचे. आधी कातडे पाण्यात भिजवून मीठ, माती, रक्त धुऊन काढायचे. मग चुन्याच्या कुंडीत टाकायचे. तिथे ते आठ-पंधरा दिवस राही, रोज वरखाली करावे लागे. चुन्याने केसांची मुळे सैल होतात आणि तंतू फुगून मोकळे होतात. चुन्यात हात घालणाऱ्याची नखे झिजत, बोटांना चिरा पडत. नंतर गोल ओंडक्यावर कातडे पसरायचे आणि दोन मुठींच्या वाकड्या पात्याने एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचे मांस खरवडून काढायचे.

पुढे चुना बाहेर काढायचा. त्यासाठी धुणे, तुडवणे, कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्यात ठेवणे. काही ठिकाणी कबुतरांची किंवा कोंबड्यांची विष्ठाही वापरत. तिच्यातल्या पाचक रसांनी कातडे मऊ पडते. कातडे कमावण्याच्या जागेला जो वास येई तो या सगळ्याचा. तो माणसाचा वास नव्हता. पण लोकांनी तो माणसालाच चिकटवला.

मग येते साल. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल ही मुख्य. गावाकडची रीत अशी, की कातड्याला दोरीने टाके घालून त्याचीच पिशवी करायची, ती तिकाटण्याला टांगायची आणि तिच्यात कुटलेली साल आणि पाणी भरायचे. पाणी कातड्यातून झिरपत खालच्या भांड्यात पडते. ते पुन्हा वर ओतायचे. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगून दुसऱ्या तोंडाने भरायची, म्हणजे रस सगळीकडे सारखा बसतो. शेवटी धुऊन, तेल लावून, घासून, सावलीत वाळवायचे. जनावर पडल्यापासून चामडे हाती येईपर्यंत महिना-दीड महिना सहज जाई. सालीने तांबूस झालेले हात तर काम सोडल्यावरही बरेच दिवस तसेच राहत.

तयार चामडे चांभाराकडे गेले की त्याच्या वहाणा, मोटा, पखाली होत. मांग समाज चामड्याचे नाडे वळी, हलगी मढवी. म्हणजे एकाच कातड्यावर चार जातींचे हात फिरत. आणि या चारही जातींत आपसांत रोटी नाही, बेटी नाही, एकमेकांचे पाणी नाही. बाबासाहेब सांगत की जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे आणि तीही वरखाली पायऱ्यांची. ते कुणाला पुस्तकातून समजत नसेल तर त्याने एका वहाणेचा प्रवास पाहावा.

विटाळ कुणाला झाला नाही?

आता थोडा विचार करू. चामडे जर इतके अपवित्र, तर ते गावाने वापरले कुठे? विहिरीवरची मोट चामड्याची. तिच्या पाण्यावर पिकलेला ऊस, भाजी सगळ्यांनी खाल्ली. तेल-तुपाचे बुधले चामड्याचे. पाणी वाहण्याची पखाल चामड्याची. लोहाराचा भाता चामड्याचा. देवळातला नगारा आणि कीर्तनातला पखवाज चामड्याने मढवलेला. साधना करणाऱ्याच्या बुडाखाली मृगाजिन. म्हणजे वस्तूचा विटाळ कुणालाच नव्हता. विटाळ फक्त ती करणाऱ्या माणसाचा होता.

पूर्वी तरी असेच होते का? ऋग्वेदात चामडे कमावणाऱ्यासाठी 'चर्मम्न' हा शब्द येतो. सोमाची वनस्पती बैलाच्या कातड्यावर ठेवून कुटली जात असल्याचे उल्लेखही त्यात आहेत. मनुस्मृतीत मात्र दहाव्या अध्यायात जातींची कामे वाटून दिली आहेत आणि 'धिग्वण' नावाच्या संकर जातीला चर्मकार्य नेमून दिले आहे. म्हणजे मधल्या काळात एका धंद्याची जात झाली आणि त्या जातीला जन्माचा शिक्का बसला. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ शोधताना असे प्रतिपादन केले, की अस्पृश्यता अनादि नाही, ती सुमारे इसवी सन ४०० च्या आसपास जन्मली. गोमांसाचा प्रश्न आणि बौद्ध धम्माविषयीचा द्वेष ही तिची मुळे. तो ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना अर्पण केला आहे. त्यांतले रविदास चामड्याचे काम करणारे आणि चोखोबा ढोरे ओढणाऱ्या जातीत जन्मलेले, हे लक्षात घ्यावे.

भगवान बुद्धांच्या संघात चामडे

आपल्या विहारात विनयपिटकाचे नाव घेतले जाते, पण त्यात चामड्यावर एक पूर्ण प्रकरण आहे हे थोड्यांनाच माहीत आहे. महावग्गातल्या पाचव्या प्रकरणाचे नावच 'चम्मक्खन्धक', म्हणजे चामड्याचे प्रकरण.

त्यात सोण कोळिविस या भिक्खूची गोष्ट आहे. तो श्रीमंत घरात वाढलेला, तळपाय नाजूक. प्रव्रज्या घेतल्यावर चालत चालत इतकी कठोर साधना केली, की पाय फुटून चंक्रमणाची जागा रक्ताने माखली. भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारेचा दाखला दिला. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर सूर निघत नाही. हा उपदेश आपल्याला पाठ आहे. पण पुढचे आपण विसरतो. भगवंतांनी त्याला पायात घालायला एकेरी तळव्याची वहाण घेण्याची अनुज्ञा दिली. त्यावर सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळत असेल तर घेईन. तेव्हा ती सगळ्या संघाला मिळाली.

त्याच प्रकरणात आपल्या मुलखाशी जवळचा प्रसंग आहे. अवंती-दक्षिणापथात राहणारे महाकच्चान थेर आपला शिष्य सोण कुटिकण्ण याच्याबरोबर भगवंतांना निरोप पाठवतात, की आमच्याकडची जमीन काळी, कठीण, गुरांच्या खुरांनी उखणलेली. इकडचे लोक मेंढीची, शेळीची, हरणाची कातडी अंथरायला वापरतात. नियमात सूट मिळावी. भगवंतांनी सूट दिली. दक्षिणेकडच्या काळ्या जमिनीचा विचार करून पायातल्या वहाणेचा नियम बदलणारा हा शास्ता आहे. मात्र याच प्रकरणात एका भिक्खूच्या लोभापायी वासराची हत्या झाल्याची गोष्ट येते, आणि तिथे भगवंत कडक नियम घालतात. म्हणजे चामड्याचा विटाळ नाही, पण चामड्यासाठी हिंसेला उत्तेजन नाही. प्रश्न शुद्धी-अशुद्धीचा नसून शीलाचा आहे. हा फरक फार मोठा आहे.

दुसरा पुरावा दगडावर कोरलेला आहे. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाला (आपल्या वऱ्हाडातली अमरावती नव्हे) विधिक नावाच्या चर्मकाराने कुटुंबासह पूर्णघटाचे शिल्प असलेली शिला दान दिली. शिलालेखात तो स्वतःला उघडपणे 'चम्मकार' म्हणवतो आणि आपल्या वडिलांचा उल्लेख नाग उपाध्याय, म्हणजे शिक्षक, असा करतो. बापाचे काम शिकवण्याचे आणि मुलाचे काम चामड्याचे, आणि त्याचे नाव स्तूपाच्या दगडावर! मनूच्या समाजात हे घडू शकत नव्हते. धम्माच्या समाजात घडले होते.

नकाराचा दिवस

मधली हजार-पंधराशे वर्षे अंधाराची गेली. बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांच्या चळवळीत ढोर समाजाचे कक्कय्या आणि चर्मकार हरळय्या हे शरण झाले. हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण घरातल्या मुलीशी झाला, म्हणून दोन्ही बापांना देहदंड झाला असे परंपरा सांगते. तो दिवा तिथेच विझवला गेला.

इंग्रजी अमलात महारकीला कायद्याचे कुलूप लागले. १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरेची कामे सरकारदरबारी पक्की झाली. वतनाच्या तुकड्याला हाडकी-हाडोळा म्हणत, नावातच हाड. त्या तुकड्यासाठी अख्खा महारवाडा चोवीस तासांचा नोकर.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपण सगळे जाणतो. पण तळ्यावर जाण्याआधी त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे कळकळीने सांगितले. मेलेली जनावरे स्पृश्यांनी आपली आपण पुरावीत, असेही परिषदेने म्हटले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले. विरोध इतका झाला की ते मागे घ्यावे लागले. महारकीची वतने कायद्याने संपली ती १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

हे झाले पुस्तकातले. आता घरातले सांगतो. माझा आजा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. महाडची बातमी पायी पायी आमच्या गावापर्यंत आली. महारवाड्यात रात्री बैठक झाली आणि ठरले, उद्यापासून ढोर ओढायचे नाही. चार दिवसांनी एका बड्या घरचा बैल पडला. बोलावणे आले, कुणी गेले नाही. दुसऱ्या दिवशी गावाने बहिष्कार टाकला. बलुते बंद, दुकान बंद, सरपण बंद, शेळ्यांना गायरान बंद. आजी सांगायची, त्या पावसाळ्यात टाकळ्याच्या पाल्यावर दिवस काढले, तिचे एक तान्हे मूल त्यात गेले. बैल तीन दिवस सडला. शेवटी मालकाच्या गड्यांनी तोंडाला फडकी बांधून खड्डा खणला. गावाला पहिल्यांदा कळले, की हे काम दुसऱ्या माणसालाही करता येते.

माझ्या आजाची सोलायची सुरी होती. पोरांनी सांगितले, नदीत टाका. त्याने टाकली नाही. आढ्याला खोचून ठेवली. मी लहानपणी विचारले तेव्हा म्हणाला, "सुरी वाईट न्हवती रं. सक्ती वाईट व्हती." मी पुष्कळ ग्रंथ वाचले, पण या विषयावर याहून नेमके वाक्य मला सापडले नाही.

ढोरे ओढणे सोडल्याने या लोकांचे नुकसान होते, असा कळवळा तेव्हा काहींना आला. कातडे, शिंगे, मांस यांचा हिशोब मांडून वर्षाला पाचशे रुपये बुडतात असे छापले गेले. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही आठवण सांगितली आहे. त्यांचे उत्तर असे, की एवढा फायदा असेल तर हे काम तुम्ही करा, वर पाचशे रुपये मी देतो. कुणी पुढे आले नाही. फायद्याचा हिशोब मांडणाऱ्यांनी अपमानाचा रकाना कोराच ठेवला होता.

काहींनी स्वतः हातात सुरी घेतलीही, हे मान्य केले पाहिजे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरीत मेलेली जनावरे सोलून चर्मालय चालवले. वर्ध्याजवळ नालवाडीलाही गांधीवाद्यांचे चर्मालय होते. त्यांच्या कष्टांचा आदर आहे. पण एक फरक राहतोच. त्यांना ते काम सोडून देता येत होते, आमच्या आजाला नव्हते.

गिरणी आणि धारावी

आता मुंबईकडे येऊ. वांद्र्याला कत्तलखाना होता, त्यामुळे जवळच्या धारावीच्या खाडीकाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कातडी कमावण्याचे कारखाने उभे राहिले. तमिळनाडूच्या तिरुनेलवेलीकडचे मुसलमान आणि आदिद्रविड, आपल्याकडचे ढोर, चर्मकार तिथे आले. कक्कय्यांचे नाव धारावीत आजही आहे. १९७१ साली देवनारचा कत्तलखाना झाला, पुढे ओले काम धारावीतून हटत गेले आणि बॅगा, पट्टे, पाकिटे शिवण्याचे काम उरले.

याच काळात पद्धतही बदलली. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ती पद्धत आपल्या देशात आणली. सालीला जिथे आठवडे लागत, तिथे लाकडी ढोलात एका दिवसात काम होऊ लागले. चामडे निळसर निघते. ते मऊ, पाण्याला टिकणारे. कानपूर, मद्रास, कलकत्ता इथे मोठा व्यापार उभा राहिला. आता गंमत पाहा. कारखान्याचा मालक व्हायला, निर्यातीचा दलाल व्हायला कुणाच्या पवित्रतेला धक्का बसला नाही. पैसा आला तेव्हा विटाळ पळाला. चुन्याच्या हौदात मात्र पूर्वीचेच पाय राहिले.

कानपुरात आणि आग्ऱ्यात याच धंद्यातून थोडा पैसा मिळालेल्या चर्मकार-जाटव समाजाने शाळा काढल्या, चळवळी केल्या. कानपूर हे स्वामी अछूतानंदांच्या आदि हिंदू चळवळीचे केंद्र होते. १८ मार्च १९५६ ला बाबासाहेब आग्ऱ्याला गेले तेव्हा त्यांचे स्वागत याच समाजाने केले. काम एकच होते. पण जिथे त्यावर स्वतःची मालकी आली, तिथे मान ताठ झाली.

आणि आपल्या गिरण्या? गिरणीत अस्पृश्यांना साचाखात्यात घेत नसत. कारण बाण्याचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या उष्ट्या धोट्याला दुसऱ्याने तोंड कसे लावायचे? म्हणून पगार जास्त असलेले ते खाते आपल्याला बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घेतली.

पण ज्या साच्याला आपला हात लागू देत नव्हते, त्यात धोट्याला मिनिटाला दीडशे-दोनशे फटके मारणारा पिकर कशाचा असे? म्हशीच्या कच्च्या कातड्याचा, तेलात मुरवलेला. त्याला ओढणारा पट्टा चामड्याचा. सूतखात्यातल्या रुळांवर मेंढीच्या कातड्याची खोळ. वरच्या शाफ्टवरून फिरणारे पट्टेही चामड्याचे. मी कामाला लागलो तेव्हा प्लॅस्टिकचे पिकर आले होते. एका जुन्या कामगाराने भंगारातून कातड्याचा एक पिकर काढून मला दाखवला आणि म्हणाला, "हे बघ, आपल्याला घेतलं नाही, पण आपलं कातडं घेतलं." मी हसलो, पण त्या रात्री झोप लागली नाही.

आज काय?

कुणी म्हणेल, हा सगळा जुना इतिहास. तसे नाही. १५ ऑक्टोबर २००२ रोजी हरियाणात झज्जर जिल्ह्यातील दुलिना इथे गाय मारल्याचा आरोप करून जमावाने पाच दलितांना ठार मारले. त्यांचा कातड्यांशी संबंधित धंदा होता. ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये उनाजवळ मोटा समढियाळा गावी मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना उघड्यावर लोखंडी गजांनी मारले. आधी शेकडो वर्षे सोललेच पाहिजे म्हणून मारले आणि आता सोलतो म्हणून मारले! तेव्हा गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकली. महाडचा नकार नव्वद वर्षांनी तिथे पोचला. एप्रिल २०१८ मध्ये त्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. त्याचा फटका कातड्याच्या धंद्यावर जगणाऱ्या गरिबांना बसला. दुसरीकडे क्रोमच्या सांडपाण्याने नद्या आणि विहिरी नासल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या वेल्लोर भागातील कारखान्यांच्या खटल्यात, प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी असे बजावले. हौदात उतरणाऱ्या कामगाराच्या फुफ्फुसांची भरपाई कोण देतो, हा प्रश्न अजून आहे.

आणि बाभळीच्या सालीवर, हिरड्यावर कमावलेल्या आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मोठ्या कंपनीने तशाच चपला आपल्या म्हणून दाखवल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र रागावला. रागावणे योग्यच. पण ती चप्पल करणाऱ्याला किती जणांनी आजवर आपल्या पंगतीला बसवले?

आता आपल्या घरात पाहू

दुसऱ्यांना बोलून लेख संपवला तर तो अर्धाच होईल. दोन वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीत एका मुलीचे स्थळ आले. मुलगा बौद्ध, निर्व्यसनी, धारावीत चामड्याच्या बॅगांचे छोटे वर्कशॉप चालवणारा. मुलीकडच्यांनी नकार दिला. कारण विचारले तर म्हणाले, "तो चामड्यात हात घालतो." बोलणाऱ्या बाई दर पौर्णिमेला विहारात येतात. मी त्यांना दोष देत नाही, कारण त्या वेळी मीही गप्प बसलो. पण मला विचारावेसे वाटते, की मनू आपल्या मनात कधी येऊन बसला? आपण चर्मकार, ढोर, मातंग बांधवांकडे पाहून मनातल्या मनात पायरी मोजतो की नाही? मोजत असू तर बावीस प्रतिज्ञा आपण फक्त तोंडाने घेतल्या.

बाबासाहेबांनी जन्माने लादलेले काम नाकारायला सांगितले. मेहनतीला नीच मानायला त्यांनी कधी सांगितले नाही. कुणाला चामड्याचे काम करायचे असेल तर ते त्याने शिकून, यंत्राने, हातमोजे घालून, योग्य दाम घेऊन, स्वतःच्या मालकीने करावे. कुणाला करायचे नसेल तर त्याला कुणी भाग पाडू नये. निवड त्या माणसाची. हीच स्वातंत्र्याची खूण. त्यासाठीच माझ्या आजीचे तान्हे मूल गेले.

गेल्या रविवारी मी आजाची ती सुरी धम्मवर्गात नेली. मुठीचे लाकूड झिजून बोटांचे खळगे पडले आहेत. त्या मुलाने ती हातात घेतली, बोटे त्या खळग्यांत ठेवून पाहिली आणि विचारले, "काका, तुमचे आजोबा हुशार होते ना?" मी म्हणालो, "होय बाळ. फार हुशार होते. म्हणूनच त्यांनी नाही म्हटलं."

वर्धापनदिनी सर्व उपासक-उपासिकांना मंगल कामना.

नमो बुद्धाय! जयभीम!